सतराच्या वरचे आकडे

टेंभरेजी गेल्याची बातमी मला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. सकाळचे दहा वाजायला दोन-तीन मिनिटं होती. कुणीतरी त्यांचा जुना फोटो टाकला होता, आमच्या गोंदियाच्या ऑफिसच्या पायऱ्यांवरचा, आणि खाली हिंदीत दोन ओळी. हात जोडलेली चिन्हं येऊ लागली. ठीक दहाला, त्या जोडलेल्या हातांच्या मधोमध, यंत्राने पाठवलेला रोजचा अहवाल येऊन पडला. सगळ्या गिरण्या, सगळी खरेदी केंद्रं, सगळं हिरवं. एकाने सवयीने त्याला अंगठ्याचं चिन्ह लावलं, आणि मग पुन्हा हात सुरू झाले. हा अहवाल त्या यंत्राच्या आधी जवळजवळ तीस वर्षं टेंभरेजी बनवत होते, हे त्या ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना माहीत नसावं. मला माहीत होतं. मी फोन उलटा करून ठेवला.

आमची कंपनी तांदळाची. धान घ्यायचं, भरडायचं, तांदूळ देशभर पाठवायचा. मुख्य कचेरी नागपूरला, गिरण्या आणि केंद्रं गोंदिया-भंडाऱ्यापासून थेट छत्तीसगडपर्यंत. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी गोंदियाच्या ऑफिसातल्या अहवाल विभागात लागले तेव्हा त्या विभागात एकच माणूस होता. टेंभरेजी सकाळी येत, खुर्चीवर टॉवेल टाकत, आणि फोन लावायला सुरुवात करत. आकडा ते कधीच आधी विचारत नसत. मला त्याचा फार राग येई. समोरच्याच्या बायकोची तब्येत, इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं की नाही, काल केंद्रावर किती ट्रॅक्टर उभे होते, सकाळी दव होतं का, हे सगळं झाल्यावर शेवटी, "हं, आता सांग, ओलावा किती?" मी एकदा म्हटलं, टेंभरेजी, आकडे आधी घेतले तर तासाभरात काम संपेल. ते म्हणाले, "आकडा आधी मांगला का तो माणूस तुले पायजे तोच आकडा देते, बाई. पयले त्याले बोलू दे. मंग तो आकडा लपवत नाही."

मला ते 'बाई' म्हणत, आपल्याकडे लेकीला म्हणतात तसं. पहिल्या आठवड्यात मॅडम म्हणून पाहिलं, पण ते त्यांच्या तोंडात बसेना.

त्यांच्या अहवालात शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. बाकी रकान्यांत आकडे आणि या रकान्यात मराठी, क्वचित हिंदी. 'देवरी – एकोणीस. दूरचे ट्रॅक्टर, परत पाठवता आले नाहीत. वेगळी थप्पी, आधी भरडा.' याचा अर्थ इतकाच की कंपनीच्या नियमाप्रमाणे सतरा टक्क्यांच्या वर ओलावा असलेलं धान घ्यायचं नाही. पण देवरीच्या जंगलातल्या गावांतून पहाटे निघून धान घेऊन आलेल्या माणसाला, जा, वाळवून आण, असं सांगणं तिथल्या केंद्रप्रमुखाला, मडावीला, जमत नसे. तो धान घेई आणि टेंभरेजींना फोनवर खरं सांगे. टेंभरेजी ते शेऱ्यात लिहीत. ती ओली पोती वेगळी रचली जात आणि सगळ्यांच्या आधी गिरणीवर जात. नियम मोडत होता, पण धान नासत नव्हतं. तीस वर्षं कंपनी त्या एका रकान्यावर तरली, असं मी आज म्हणते. तेव्हा मला तो रकाना गबाळा वाटायचा.

मग नागपूरने अहवाल आधुनिक करायचं ठरवलं. पुण्याहून मंडळी आली, इथे आठवडाभर राहिली, आणि स्थानिक समन्वयक म्हणून मला नेमलं. मला त्याचा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. केंद्रावरच्या माणसाने मोबाईलवर आकडे भरायचे, ते थेट नागपूरच्या पडद्यावर दिसायचे, हिरवे, पिवळे, लाल. मधला माणूस नको. शेऱ्याच्या रकान्यावर चर्चा दोन मिनिटंसुद्धा झाली नाही. "याचा आलेख कसा काढणार?" असं त्यांच्यातल्या एकाने विचारलं, आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, काढता येणार नाही. रकाना गेला.

दुसरी गोष्ट मात्र कुणी न विचारता मी सुचवली. ओलाव्याच्या चौकटीत सतराच्या वरचा आकडा घेऊच नये. चुकून कुणी सतराच्या जागी एकशे सत्तर टाकलं तर सगळी सरासरी बिघडते. आणि नियमाप्रमाणे सतराच्या वरचं धान घेतलंच जात नाही, म्हणजे असा आकडा असूच शकत नाही. पुण्याच्या मंडळींनी मान डोलावली. पुस्तक वाचून शहाण्या झालेल्या माणसाची चूक अशी असते. मला मडावी माहीत होता, दूरचे ट्रॅक्टर माहीत होते, ते शेरे मी स्वतः टाईप केले होते. तरी मी म्हटलं की असा आकडा असू शकत नाही.

टेंभरेजींना 'माहिती पडताळणी' असं पद मिळालं. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं, कुठेतरी बसवायला हवं होतं. ते पहिले काही दिवस जुन्या सवयीने फोन लावत राहिले, तेव्हा नागपूरहून लेखी सूचना आली की समांतर अहवाल घेणं ताबडतोब थांबवावं. त्यांनी ती सूचना दोनदा वाचली आणि टेबलावरचा फोन उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुले लागन तं वापर," म्हणाले. नंतर ते दिवसभर पडद्यासमोर बसत, चष्मा कपाळावर. आमचे गोंदियाचे साहेब जाता-येता गंमत करत, "क्या टेंभरेजी, पिक्चर कैसी है?" टेंभरेजी शांतपणे म्हणत, "साहब, एक ही सीन चल रहा है."

मला तेव्हा वाटलं, ते सहज बोलताहेत. ते खरंच एका दृश्याबद्दल बोलत होते. दिवाळी झाली, लवकर पिकणारं हलकं धान यायला लागलं, आणि देवरीचा ओलावा रोज सतरा दिसू लागला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, रोज. एका संध्याकाळी ऑफिस सुटताना ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "धान का सरकारी नोकर आहे का बाई, रोज येऊन सतरावरच सही करायले?" मी हसले. ते हसले नाहीत. घरून त्यांनी मडावीला फोन केला होता, सूचना मोडून. मडावीने सांगितलं की सतराच्या वर टाकलं की मोबाईल लाल होतो आणि पुढे जातच नाही. मागे ट्रॅक्टरची रांग, म्हणून तो सतरा टाकून राहिला आहे. आणि थप्पी कुठे लावायची हे आता यंत्रच सांगतं, तेव्हा एकोणीसचं, वीसचं धान सुक्या धानाला लागून रचलं जातंय. टेंभरेजी म्हणाले, "ते हद्द काढ, बाई. तू लावली, तुलेच काढता येते. थप्पी गरम झाली का मंग कोणाच्या बापाले आवरणार नाही."

मी म्हटलं, हो, सांगते.

पुढच्या आठवड्यात नागपूरला संचालकांसमोर नवी पद्धत दाखवायची होती. माझं नाव त्या कागदावर होतं. हद्द काढली तर देवरी लाल दिसणार होती, आणि का लाल दिसते हे मला उभं राहून सांगावं लागणार होतं. मी ठरवलं, आधी ते होऊन जाऊ दे. ते झालं, टाळ्या वाजल्या. मग एक सुट्टी आली, मग दुसरं काही... टेंभरेजींनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी एकदा सांगितलं होतं, आणि माणसाला दोनदा सांगायची त्यांना सवय नव्हती.

देवरीच्या गोदामातली थप्पी पोत्यांत हात घालवेना इतकी तापलेली सापडली, तोवर आतलं धान पिवळं पडलं होतं. नुकसान मोठं होतं. नागपूरहून दोघेजण चौकशीला आले. यंत्र नवं होतं, संचालकांनी वाखाणलं होतं, त्यात चूक निघणं कुणालाच परवडणारं नव्हतं. मडावी नावाचाच केंद्रप्रमुख, पगाराने रोजंदारीसारखा, त्याच्यावर किती टाकणार? मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माहिती पडताळणीचा एक कागद दर महिन्याला निघतो, 'माहिती तपासली, योग्य आढळली', आणि त्याखाली टेंभरेजींची सही असते. त्या महिन्याचा कागद त्यांनी बरेच दिवस अडवून धरला होता. तो मीच त्यांच्यापुढे सरकवला होता... करून टाका टेंभरेजी, फॉरमॅलिटी आहे, म्हणून.

ते माझ्याकडे आले तेव्हा ऑफिसात दुपारच्या जेवणाची वेळ होती. उभ्यानेच म्हणाले, "बाई, मले काही नाही पायजे. मी तुले सांगतलो होतो, येवढं लिहून दे." मी दोन दिवस घेतले. शब्द निवडण्यात माझा हात चांगला आहे. मी लिहिलं, 'संबंधित कर्मचाऱ्यांनी या विषयाची तोंडी कल्पना दिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तथापि नेमका दिवस व संभाषणाचा तपशील स्मरत नाही.' टेंभरेजींनी खिडकीपाशी जाऊन ते वाचलं. घडी घातली. "तुयी मराठी चांगली आहे, बाई," म्हणाले. 'बाई' म्हणून बोललेलं ते शेवटचं वाक्य. त्यानंतर ते मला मॅडम म्हणू लागले, आणि ते त्यांच्या तोंडात व्यवस्थित बसलं.

त्यांच्या सेवापुस्तकात 'कर्तव्यात हलगर्जीपणा' अशी नोंद झाली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल-नारळ आणून ठेवला होता. टेंभरेजी अर्धा दिवस रजा टाकून निघून गेले. मी त्यांच्या घरी, मुर्रीला, कधी गेले नाही. ऑफिसपासून मुर्री किती जवळ आहे हे गोंदियाच्या माणसाला सांगायला नको. त्या नोंदीमुळे ते खचले आणि गेले, असं मी म्हणणार नाही. त्यांना साखरेचा आजार होता, झटका आला, तीन दिवसांत संपलं. तसं म्हणणं सोपं होईल, आणि त्यात स्वतःला दोष देऊन मोठेपणा मिरवायची माझीही थोडी सोय होईल.

यंदा त्या यंत्राची नवी आवृत्ती आली. त्यात ओलाव्याला हद्द नाही, आणि शेवटी 'क्षेत्रीय निरीक्षण' नावाचा चौकोन आहे, ज्यात केंद्रावरचा माणूस स्वतःच्या शब्दांत काहीही लिहू शकतो. नागपूरच्या बैठकीत ही कल्पना फार अभिनव असल्याचं सांगितलं गेलं. मी बसले होते. मीही मान डोलावली. टेंभरेजी त्यानंतर पंधरा दिवसांनी गेले.

तेराव्यानंतर मी खरं पत्र लिहिलं. सरळ लिहिलं. हद्द मी सुचवली, टेंभरेजींनी धोका मला सांगितला, मी तो दाबून ठेवला, चौकशीत मी खोटं लिहिलं. नागपूरला पाठवलं. उत्तर आलं की प्रकरण बंद झालेलं असून संबंधित व्यक्ती सेवेत नसल्याने नोंदीत बदल करण्याची तरतूद नाही. तेव्हा त्या पत्राची प्रत घेऊन मी एका दुपारी मुर्रीला गेले.

टेंभरेजींच्या बायकोने, काकूंनी, मला ओळखलं. म्हणजे पाहिलं कधीच नव्हतं, पण दारापुढच्या छपरीत पाय ठेवताच म्हणाल्या, "तू बाई होय ना." बसायला दिलं, पाणी दिलं, आणि मग विचारू लागल्या. देवरीच्या मडावीला कामावरून काढलं का? भंडाऱ्याकडच्या त्या केंद्रावरच्या पांडेची मुलगी बाळंत झाली का? आमगावच्या गिरणीचं बॉयलर बदललं का? यातलं एकही माणूस त्यांनी पाहिलेलं नव्हतं. टेंभरेजी रोज संध्याकाळी चहा पिता पिता त्यांना सगळा अहवाल सांगत, आकडे वगळून. तीस वर्षं. माझ्याकडे फक्त आकडे होते.

मी पत्र पुढे केलं. काकूंनी हात लावला नाही. "कायले आणली हे आता? तुयी पयली चिठ्ठी त्याईनं मले वाचून दाखवली होती." मग म्हणाल्या, "वाच. आयकतो."

मी वाचू लागले. खरं लिहायला बसले तेव्हाही मला नेमका दिवस आठवला नव्हता, म्हणून 'दिवाळीनंतर एका संध्याकाळी, नक्की दिवस आठवत नाही' असं लिहिलं होतं. काकूंनी मला तिथेच थांबवलं.

"दिवस मले ठाऊक आहे. गावात मंडई होती, सालाची जत्रा. घरात पाहुणे, आन् हे चार दिवसापासून धड जेवत नव्हते, देवरी-देवरी करत होते. त्या सांजेले आले तं मोकळे आले. म्हणाले, बाईले सांगून देलो आज, आता ते पाहून घेते. दोनदा भात घेतला त्याईनं त्या दिवशी. पाहुण्याइले घेऊन मंडईत गेले."

काकू उठल्या, आतून पेन घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवलं. मी 'नक्की दिवस आठवत नाही' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'मुर्रीच्या मंडईच्या दिवशी'. काकूंनी कागद माझ्या हातातून घेतला, छपरीच्या उजेडात धरून खालपर्यंत पाहिला, आणि परत दिला.

"खोडलं तिथं सही कर," त्या म्हणाल्या.