कधीही ये, म्हणाल्या रॉलीच्या आजी

नागपूर स्टेशनवर बाबा मला धीर देत होते की स्वतःला, कोण जाणे. "राजधानीत चाललीस, माणसांना काही तोटा नाही," एवढंच सारखं म्हणत होते. हिवाळी अधिवेशन आलं की आमच्या नागपुरात पाय ठेवायला जागा नसते. मग बारा महिने राजधानी असलेलं शहर केवढं गजबजलेलं असेल, असा त्यांचा सरळ हिशेब.

२००३ मध्ये मी नॉर्थ कॅरोलिनाच्या राजधानीत, रॉलीला आले. राहायला शेजारच्या कॅरीत. पहिल्याच रविवारी माझा नवरा सुधीर डाउनटाउन दाखवायला घेऊन गेला. मधोमध घुमटाचं कॅपिटल, म्हणजे इथलं जुनं विधानभवन, भोवती ओकची थोराड झाडं आणि बाप्पा, माणूस म्हणून नाही! खारी तेवढ्या पळत होत्या.

"वीकएंडला ऑफिसं बंद यार, कोण येणार?" सुधीर म्हणाला. मला रडूच आलं.

कॅपिटल दाखवायला एलन नावाच्या आजी होत्या, हौसेनं हे काम करणाऱ्या. त्यांनी सांगितलं, हे गाव आपसूक वाढलेलं नाही. राजधानी हवी म्हणून झाडीतली जमीन विकत घेतली, कागदावर रस्ते आखले, मग वस्ती झाली. ज्याच्या नावानं शहर, तो साहेब इथे कधी फिरकलासुद्धा नाही. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, इथे सगळे बाहेरूनच आलेले!

निघताना आजींनी हात हातात घेतला, घर कुठे ते सांगितलं आणि म्हणाल्या, कधीही ये. आता असं म्हटल्यावर आपण काय करतो? पुढच्या शनिवारी करंज्या घेऊन मी हजर. "फोन केलास का?" सुधीरनं गाडीत विचारलं. "त्यांनीच ये म्हटलंय, फोन कशाला?" मी ठसक्यात म्हणाले.

आजींना मी आठवेचना. आठवले तेव्हा गोड हसल्या, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं, बर्फ घातलेला चहा दिला, करंज्यांचं कौतुक केलं. जाळीचं दार मात्र बंदच राहिलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी फोन कर हं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, इथली रीतच तशी. पण या शहरात एक तरी घर असं असावं, जिथे न विचारता जाता येईल, एवढंच मला हवं होतं.

मग शहाणी झाले. आता २००८ आहे. इथल्या मराठी मंडळातल्या मावशींकडे जायचं तरी आधी ईमेल, मग फोन. रस्त्यात अनोळखी माणसं हात करतात, मीही करते. शहर आवडतं मला, खोटं कशाला बोलू! पण अवचित बेल वाजली की मीच आधी पडद्याआडून बघते, न कळवता कोण आलं ते.

गेल्या महिन्यात तिकिटं बुक करण्याआधी आईला फोन केला. "डिसेंबरमध्ये आले तर चालेल ना गं? तुमचा काही प्लॅन नाही ना?"

"अगं," आई हळूच म्हणाली, "स्वतःच्या घरी यायला विचारतेस?"

मी नुसत्या तारखा सांगत राहिले.