धोंड्यातला रुपया

माझं झेरॉक्सचं दुकान सोलापुरात शुक्रवार पेठेत आहे. झेरॉक्स नावाला, लोक येतात ते मोबाइल माझ्यापुढे धरून. "अण्णा, ही बघा की ट्रॅक्टरवाली पाचाची नोट, हिचे लई पैसे येत्यात म्हनं. फोटो टाका." कुणी देवीचं चित्र असलेलं नाणं आणतं, कुणी आजीच्या बटव्यातली चवली. फोटो टाकला की तासाभरात कुणी तरी साहेब फोन करतो, गोड बोलतो, नोंदणीची फी मागतो आणि ती मिळाली की मेला गडप होतो. पुन्हा ज्याची फी गेली तोच महिन्याभरानं दुसरी नोट घेऊन हजर! आता जुन्या नाण्यांचं नाव काढलं तरी मी हात जोडतो.

त्याच नाण्यांपायी आयुष्य घालवलेला एक माणूस मात्र माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो, आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात कधी वाकडं आलं नाही. बिरुदेव कोळेकर, मूळचे मंगळवेढ्याकडचे धनगर. एसटीत कंडक्टर होते. कंडक्टरला आपल्याकडे मास्तर म्हणतात, ते निवृत्त झाले तरी मास्तरच राहिले. उभा जन्म सुट्ट्या पैशांच्या खुळखुळाटात गेला आणि त्यातूनच हे वेड लागलं. सुटीच्या दिवशी सोनारांच्या दुकानी बसायचं, मुशीत जाणारी जुनी नाणी चांदीच्या भावानं सोडवून आणायची. मायाक्कावहिनी म्हणायच्या, लोक बायकोला दागिने करतात, आमचे हे राजाराणीला घरी आणतात.

मास्तरांचा एक कायदा होता. नाणं हातात घेतल्याशिवाय घ्यायचं नाही आणि समोरच्याच्या हातात दिल्याशिवाय विकायचं नाही. गिऱ्हाईक दारात बसलं की आधी चहा. मग नाणं तळहातावर, उन्हाकडे तिरकं, मग उंबऱ्याजवळच्या शहाबादी फरशीवर टाकून आवाज. मी कितीदा म्हटलं, "मास्तर, फोटो टाकू या की, देशभरातनं गिऱ्हाईक येईल." ते म्हणायचे, "अण्णा, फोटूत नाणं दिसंल. मानूस कुटं दिसतो?"

त्यांच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे सहाव्या जॉर्जचा एकोणचाळीस सालचा चांदीचा रुपया. त्या सालचे रुपये बाहेर फारसे आलेच नाहीत, म्हणून नाणेवाले त्याच्यामागे वेडे. मास्तरांच्या रुपयावर राजाच्या कानामागे एक बारीक खाच होती, आणि अंगावर इतक्या वर्षांची काळसर निळी झाक. ती झाक म्हणजेच त्याचा भाव. पुसली की नाणं मेलं, असं ते मला दहादा सांगायचे.

तो रुपया अखेर कुणाला द्यायचा हे ठरलं होतं. भवानी पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान असलेले नईम मकदूम, मास्तरांचे जुने दोस्त. वर्षानुवर्षं ते नुसते येऊन रुपया बघायचे आणि परत ठेवायचे. या उन्हाळ्यात मास्तर एकदाचे म्हणाले, "मकदूमभाय, आता आमचं वय झालं. ह्यो तुमचाच." पण अधिक महिना लागला होता. अधिकात घरातली लक्ष्मी बाहेर द्यायची नाही, ही कोळेकरांच्या घरची रीत. महिना सरला की न्या, असं ठरलं. मकदूमभाई म्हणाले, "हौ, तुमचा म्हयना होऊ द्या. शब्द दिलाय, झालं की." विसार नाही, कागद नाही, हातावर हात.

मास्तरांनी तो रुपया बाकीच्या नाण्यांच्या डब्यातून काढला, कापसात गुंडाळला आणि पांढऱ्या फडक्यात बांधून कपाटात वेगळा ठेवला. घात झाला तो इथं.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे वाढायचे, आणि एका धोंड्यात गुपचूप चांदीचं काही तरी घालायचं, गुप्तदान म्हणून. लेक लक्ष्मी तर जावई नारायण, त्याला दिलेलं देवाला पोचतं. मास्तरांची एकुलती लेक आरोही, तिचा नवरा इंद्रजीत. जुळे सोलापुरात त्याचं मोबाइलच्या कव्हर-चार्जरचं दुकान आहे. पोरगा बोलायला मिठ्ठास, केसाला जेल, हातात कायम दोन फोन. मला तो पहिल्यापासून आवडला नाही, पण शेजाऱ्याच्या जावयाला नावं ठेवणारे आपण कोण!

चांदीचे भाव आभाळाला टेकलेले. वहिनींनी विचार केला, घरात रुपयांचा डबा भरलाय तर सोनाराकडे कशाला जायचं. कपाट उघडलं तर एक रुपया फडक्यात वेगळा बांधलेला. वेगळा बांधलाय म्हणजे देवाचाच असणार! त्यांनी तो घेतला, अन्नात घालायचा म्हणून चिंच आणि रांगोळी लावून लख्ख घासला, धुतला आणि धोंड्यात भरला.

त्या दिवशी मीही पंगतीला होतो. इंद्रजीतनं धोंडा तुपात बुडवून चावला आणि दातावर खट्‌कन आवाज आला. सगळे हसलो. त्यानं तोंडातून रुपया काढला, पेल्यातल्या पाण्यानं धुतला आणि उजेडात धरला. आरशासारखा चमकत होता, नुसत्या मुकुटाच्या खाचेत पिवळं पुरण अडकलेलं. मास्तरांचा हात वाटीतच थांबला. त्यांनी कानामागची खाच बघितली असावी. इंद्रजीतनं मात्र साल वाचलं, एकदा सासऱ्याकडे बघितलं आणि रुपया शर्टाच्या खिशात टाकला.

जावई गेल्यावर मास्तर बायकोला एवढंच म्हणाले, "ह्यो रुपया मी मकदूमला दिलता गं." वहिनी रडकुंडीला आल्या. "मला काय ठावं? येगळा बांधून ठिवला व्हता, म्हनलं देवाचा आसंल!" यात त्यांचा दोष तरी काय काढायचा? त्यांच्या जागी आमची आई असती तर तिनंही हेच केलं असतं.

दोन दिवस मास्तर जेवले नाहीत. दिलेलं दान परत मागायचं नसतं, आणि त्यातून जावयाकडून! पण मकदूमभाईंना दिलेला शब्द त्यांना टोचत होता. शेवटी लाज गिळून, बदल्यात डब्यातले हवे तेवढे रुपये घेऊन, ते जावयाच्या दुकानी गेले. परत आले ते खाली मान घालून. जावई म्हणाला होता, "मामा, दानाचं परत मागत्यात व्हय? मामींचं पुन्य जाईल की. आन त्यो मी कवाच इकला."

मला राहवलं नाही. जुन्या नाण्यांचे ग्रुप माझ्या फोनवर या गिऱ्हाइकांपायी आहेतच. शोधलं तर तासाभरात सापडला. कुठलं तरी राजेशाही नाव घेतलेल्या विक्रेत्यानं टाकलेला फोटो, निळ्या मखमलीवर लखलखता रुपया, कानामागं खाच, आणि मुकुटात तो पुरणाचा ठिपका तसाच! मेल्यानं नीट धुतलाही नव्हता. खाली लोकांची पसंती ओसंडत होती. एकदम कोरा! काय झळाळी आहे! अरे गाढवांनो, ती झळाळी चिंचेची आहे. समोर बसून हातात घेतला असता तर कुठल्याही जाणत्यानं तोंड वाकडं केलं असतं. तिथं मात्र जो तो चिंचेवर बोली वाढवत होता. मला किळस आली.

"म्हंजे जावयानं इकला न्हाय अजून," मास्तर म्हणाले. मग हळूच, "अण्णा, तुमच्या नावानं आपुन बोली लावू. जावयाला कळता कामा नये. घासलेला हाय ते मकदूमला सांगंन, काय देतील ते देऊ देत, पर रुपया त्यांच्या हातावर ठिवीन."

ज्या माणसानं जन्मात न बघता नाणं घेतलं नाही, तो स्वतःचंच नाणं फोटोवरून विकत घ्यायला माझ्या दुकानात स्टुलावर बसला. आम्ही एक बोली लावली की गुलाबाच्या फुलाचा फोटो लावलेलं कुणी तरी आमच्यावर चढायचं. मी त्या गुलाबाला मनसोक्त शिव्या दिल्या. शेवटी मास्तरांनी निवृत्तीच्या ठेवीला हात घातला आणि गुलाब थांबला. आकडा मी सांगत नाही.

पार्सल माझ्या पत्त्यावर आलं. मास्तरांनी कात्रीनं हळू कापलं, रुपया तळहातावर घेतला, उन्हाकडे तिरका धरला. मग फरशीवर टाकला. आवाज खणखणीत. मला वाटलं, जिंकलो. मास्तर भिंग लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कानामागं खाच न्हाय." नंतर साल दाखवलं. अडतीस सालचा साधा रुपया, इंग्रजी आठाचं खालचं पोट एका बाजूनं खरवडून त्याचा नऊ केलेला. चांदी खरी, राजा खरा, एक आकडा तेवढा खोटा. अस्सल रुपया फोटोपुरता ठेवायचा आणि लोकांना हे पाठवायचं, असा जावयाचा धंदा होता. सासरा फसला हे त्याला ठाऊकही नव्हतं.

मी पोलिसांत जाऊ म्हटलं. वहिनी हात जोडून उभ्या राहिल्या. "अण्णा, पाया पडते. लेकीचं घर हाय." मास्तरांनी तो खोटा रुपया कपाटात ठेवून दिला. मला संताप आला, पण बापाच्या जागी आपण नसतो हेही खरं.

अधिक महिना सरला आणि मकदूमभाई आले. नेहमीसारखे हसले नाहीत. चप्पल दारात काढली, पण बसले नाहीत. खिशातून पुडी काढून फरशीवर ठेवली. आत रुपया. एकोणचाळीस सालचा, खरवडून नऊ केलेला. आमच्या पार्सलातून आलेल्या खोट्या रुपयाचा सख्खा भाऊ!

"आमच्या आफरीनच्या फोनवर तुमचा रुपया दिसला," मकदूमभाई म्हणाले. आफरीन त्यांची नात. "खाच वळखली मी. म्हनलं, बिरुदेवनं शब्द मोडला, चार पैसं जादा मिळत्यात म्हनून बाजारात मांडला. लई राग आला. रागानं बोली लावली. हरलो. दुसऱ्या दिवशी त्याचाच निरोप, अजून एक पीस हाय म्हनून. घेतला. ह्यो आला." त्यांनी पुडीचा कागद बाजूला सारला. "दोस्तीत मागितलं आसतं तर मी सोडून दिला आसता. ह्ये का केलं, बिरुदेव?"

म्हणजे गुलाब ते होते. दोन म्हातारे एकाच रुपयासाठी, एकमेकांना न बघता, एका चोराचा खिसा भरत बसले होते.

मास्तरांनी आतून आपला रुपया आणून त्याच्या शेजारी ठेवला. मकदूमभाई दोन्हीकडे बघत राहिले. "मंग इकनारा कोन?"

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघून मान हलवत होत्या, नको, नको. मास्तर गप्प राहिले असते तर चोर तेच ठरत होते, कारण फोटोतली खाच त्यांच्याच रुपयाची होती. बोलले तर लेकीचा संसार.

"माजा जावई," मास्तर म्हणाले.

मकदूमभाई खाली बसले. कुणी सासरा जावयाबद्दल असं उगाच बोलत नाही, हे त्यांना कळत होतं. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "पोरीला कळू देऊ नगा. तिचा काय गुन्हा?"

"तिला कळायाच पायजे," मास्तर म्हणाले. "कुनासंगं ऱ्हाती ते तिला ठावं आसाया पायजे." त्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी आरोहीचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून फरशीवर, त्या दोन रुपयांशेजारी ठेवला.

"आरोही," मास्तर सावकाश म्हणाले, "अण्णांनी एक रुपया मागवला व्हता बघ. त्यो खोटा निघाला."

पलीकडून तिचा आवाज आला, लहानपणी माझ्या दुकानात पेन्सिली मागायचा तोच.

"अगंबाई, अण्णांना कळलं व्हय? मीच यांना म्हनलं होतं, बाबा, पाठवा बिनधास्त. नाव बघूनच पॅक केलं मी. म्हनलं अण्णाच हाइत, घरचेच हाइत, ते कुटं तक्रार करायला जातात!"

मास्तरांनी फोन उलटा करून ठेवला. ती अजून आतून बोलत होती, हॅलो, बाबा, अण्णांना सांगा ग्रुपवर काही लिहू नका म्हणून. वहिनींच्या हातातला चहा तसाच निवत होता. मकदूमभाईंनी मास्तरांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.