मगदूम अण्णांची राखण

आमच्या फौंड्रीत पाच वाजता सगळे चहाला उठायचे, तेव्हा मगदूम अण्णा जेवायला बसायचे. जैन माणूस, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवायचे नाहीत. कागलच्या एमआयडीसीतून मंगळवार पेठेतल्या खोलीवर पोचेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडायचा, म्हणून सकाळी स्वतःच थापलेली भाकरी ते कॉम्प्युटरसमोर सोडायचे. शेजारी एक काळी हार्ड डिस्क वायरीला लावलेली असायची. दिवसभराच्या सगळ्या फायलींची नक्कल तिच्यावर उतरत असायची आणि अण्णा पडद्याकडे बघत एकेक घास चावायचे. नक्कल संपली की डिस्क वायरीतून सोडवून, रुमालात गुंडाळून, पिशवीत घालून घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जोडीची दुसरी घेऊन यायचे. "घर आणि कारखाना एकदम जळत न्हाईत," म्हणायचे.

अण्णा म्हणजे आमचा कॉम्प्युटर विभाग. सबंध विभाग ते एकटेच. मी ड्रॉइंग सेक्शनला होते. मोठमोठ्या कंपन्या पंपांच्या, ट्रॅक्टरच्या भागांची ड्रॉइंग आमच्याकडे पाठवायच्या आणि त्यावरून आम्ही भाग ओतून द्यायचो. ती ड्रॉइंग भलत्याच्या हाती पडली की गिऱ्हाईक हातचं गेलंच समजा. त्यामुळे अण्णा सगळ्यांवर संशय घ्यायचे, आणि त्यात भेदभाव करायचे नाहीत. मालकांच्या मुलीने पेन ड्राइव्ह लावला तर तोही काढून घेतला. माझा पासवर्ड शेजारच्या टेबलावर माहीत आहे हे कळलं, तेव्हा मला सगळ्यांदेखत ऐकवलं, "किल्ली दोघांजवळ असली की कुलूप कुणाचंच न्हाय, ताई." मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल. त्यांच्याशी तसंही कोण बोलत होतं?

मेलला जोडलेलं काही विचारल्याशिवाय उघडायचं नाही, हे त्यांनी आम्हाला इतकं घोकायला लावलं होतं की मावसबहिणीच्या लग्नाची पत्रिका मी न बघताच पुसून टाकली. मावशी अजून टोमणे मारते.

वर्षातून एक दिवस मात्र हा माणूस निराळा असायचा. पर्युषण संपून क्षमावाणीचा दिवस आला, की धुतलेला पांढरा शर्ट घालून टेबलाटेबलाशी हात जोडत यायचे. "ताई, वरीसभर तुमच्यावर संशय घेतला. उत्तम क्षमा." बाकीचे तोंड फिरवून हसायचे. मी नुसतं "असू दे की अण्णा," म्हणायचे. ते पुढच्या टेबलाकडे सरकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा संशय सुरू.

एका माणसाची क्षमा मात्र त्यांना मागता येत नव्हती. धाकटा भाऊ, महावीर. त्याने इचलकरंजीला स्वतःचं छोटं ओतकाम काढलं, तेव्हा आमच्या एका गिऱ्हाइकाचं एकच ड्रॉइंग अण्णांकडे मागितलं होतं. आईसुद्धा म्हणाली, परक्याला देतोयस का, दे. अण्णांनी दिलं नाही, वर मालकांच्या कानावर घातलं. त्याचा बोभाटा झाला आणि महावीरला पुढे बरीच वर्षं कुणी धड काम दिलं नाही. भावाने तोंड बघणं सोडलं. आई गेली तेव्हाही दोघे दोन टोकांना उभे होते. हे मला अण्णांनीच एकदा सांगितलं, डिस्क भरता भरता. "दर क्षमावाणीला फोन लावतो," म्हणाले. "माझा नंबर बघितला की उचलत न्हाय. चूक माझी न्हवती, ताई. पण एकटं पडायला चूक लागतीच असं कुठं हाय?"

एका वर्षी क्षमावाणीच्या सकाळी अण्णा टेबलांकडे फिरकलेच नाहीत. मी बघायला गेले. पडद्यावर महावीरच्या नावाचा मेल होता. वर 'उत्तम क्षमा' एवढंच, खाली एक शुभेच्छापत्र जोडलेलं. अण्णांनी ते उघडलं होतं आणि ते कोरं निघालं होतं. "त्याला नीट जोडता आलं न्हाय वाटतं," म्हणाले, आणि माझ्यासमोर त्यांनी ते पुन्हा उघडलं.

दुपारपर्यंत एकही फाईल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत धमकी आली, पैसे द्या, मग सोडतो. मालक तणतणत खाली आले. "कुणी काय उघडलं?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. अण्णांवर कुणाचा संशय जाणं शक्यच नव्हतं. ते उठून उभे राहिले. "मी."

"अण्णा, कुणाला पाठीशी घालताय?"

"मीच उघडलं, मालक."

आदल्या संध्याकाळची डिस्क त्यांच्या खोलीवर होती, तिच्यावरून काम पुन्हा उभं राहिलं. पण ड्रॉइंग नुसती अडकली होती की चोरीलाही गेली होती, हे कुणाला सांगता येईना. मालकांनी गिऱ्हाइकांना तसं स्पष्ट कळवलं आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाने काम काढून घेतलं. अण्णांना कुणी जा म्हटलं नाही. त्यांनी आपण होऊनच नोकरी सोडली.

त्यांच्या शेवटच्या दिवशी, तपासायला बोलावलेल्या माणसाने काय घडलं ते समजावून सांगितलं. महावीरने काही पाठवलंच नव्हतं. चोरांनी त्याचं मेलचं खातं फोडून, त्यात जेवढे पत्ते होते तेवढ्यांना तोच मेल धाडला होता. मला अण्णांकडे बघवेना. पण ते हळूच म्हणाले, "म्हंजे त्याच्या यादीत माझं नाव हाय. पुसलं न्हाय त्यानं."

असली यादी कोण पुसत बसतं? हे माझ्या ओठांवर आलं होतं.

"त्याला सांगाय पायजे," अण्णा उठले. "चोर अजून आत असंल." ऑफिसच्या फोनवरून त्यांनी नंबर लावला. तो त्यांना पाठ होता. पलीकडून फोन उचलला गेला तसे ते ताठ झाले. "महावीर, मी दादा बोलतोय. तुझं मेलचं खातं फुटलंय. आजच्या आज पासवर्ड बदल. दुसऱ्या कुणाला सांगू नको." मग थोडा वेळ ऐकत राहिले आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"बदलतो म्हणाला." अण्णांचा हात अजून फोनवरच होता. "इतक्या वर्सांनी उचलला, ताई. आणि मी पासवर्डचंच बोललो."

"पुन्हा लावा की, अण्णा."

त्यांनी मान हलवली. "आता ह्यो पण नंबर कळला त्याला."