बदली इंजिनेर

तीन वर्षं मुंबईच्या कॉलेजात विज्ञान शिकायचं, मग दोन वर्षं घाटावरच्या दुसऱ्या विद्यापीठात इंजिनीअरिंग, आणि शेवटी दोन्हीकडच्या दोन पदव्या घ्यायच्या, अशी ती ‘ट्रान्स्फर’ योजना होती. कुणा शहाण्यांनी चहा पिता पिता ठरवली असावी, कारण तिच्यात एक मेख होती. दुसरी पदवी मिळाली नाही तर पहिलीही मिळणार नव्हती. पाच वर्षं घासून माणूस इंटरचा इंटरच!

आमचं घर पनवेलच्या खाडीकडे, मिठागरावर राबणारं. मी घाटावर निघालो तेव्हा मुंबईच्या गिरणीतून सुट्टीवर गावी आलेल्या काकांनी विचारलं, ‘ट्रान्स्फर’ म्हणजे काय. मी घाईत म्हणालो, “बदली.”

काकांचा चेहरा पडला. गिरणीत बदली म्हणजे कायमचा कामगार गैरहजर राहिला तरच ज्याला काम मिळतं तो.

“मंग कायम कवा व्हनार रं तू?”

झालं, गावभर पसरलं. बाजारात मासळीवाल्या टोपली खाली ठेवून विचारायच्या, “बदली इंजिनेर ना रं तू? काम भेटतं का रोज?” पनवेलचे शिकलेले तर त्याहून वरताण. आमच्या ओळखीच्या एका वकिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “बदली का केली? काही भानगड?” सरकारी नोकराची बदली तेवढी त्यांना ठाऊक. समजावून सांगताना माझं तोंड दुखायचं. या लोकांचा मला मनापासून वीट आला होता.

घाटावर पोचलो आणि त्याहून मोठे दीडशहाणे भेटले. वर्कशॉपचे सुपरिंटेंडंट कडक इस्त्रीचा कोट घालून फिरायचे. लोखंड कातायच्या लेथला त्यांचा हात लागलेला मी कधी पाहिला नाही. बाही काळी झाली असती ना! त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “लेथ आधी आमच्या मुलांना. कोणी आलं नाही तर तुम्ही ट्रान्स्फरवाले.”

म्हणजे बदलीच! जॉब, म्हणजे लेथवर कातून द्यायचा नेमलेला भाग, स्वतः पुरा केल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि लेथ तर मिळत नव्हता. मी रोज दाराशी उभा राहायचो. आतली ‘आमची मुलं’ लेथ चालू ठेवून क्रिकेटच्या गप्पा मारायची. माझं खाडीकडचं ‘नाय’ ऐकून खिदळायची. विचारलं की सुपरिंटेंडंट म्हणायचे, “बघू.” दोन्ही पदव्या त्या एका ‘बघू’वर टांगलेल्या होत्या.

मग फ्लूची साथ आली. ‘आमची मुलं’ होस्टेलात कण्हत पडली आणि लेथ रिकामे झाले. मला आनंद झाला, आणि तो मी लपवलाही नाही. सुपरिंटेंडंटांना नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. ‘आमची मुलं’ बरी होऊन येईपर्यंत माझा जॉब पुरा झाला होता.

परीक्षा झाली. निकालात माझं नाव पहिल्या वर्गात आलं. पेढे घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो, तर सुपरिंटेंडंट पाहुण्यांना घेऊन उभे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “हा आमचा मुलगा! माझ्या हाताखाली तयार झालाय.” पास झालेला मुलगा सरांच्या पाया पडतो, ही तिथली रीत. त्यांनी बोलता बोलता एक पाय किंचित पुढे केला.

मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि ताठ उभा राहिलो. पाहुणे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी तो पाय मागे घेतला.