एकदा चाललं म्हणून काय झालं?

एकदा नीट झालेल्या गोष्टीवर काडीचाही विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या आक्काचा नवरा निघाला. दाजींना मी वीस वर्षं ओळखतो. एवढ्या काळात त्यांनी कुठलीही गोष्ट एकदाच तपासलेली मी पाहिलेली नाही. घराला कुलूप लावलं की ते ओढणार, उघडणार, पुन्हा लावणार, आणि तोवर आम्ही रिक्षात घामाघूम. वसमतच्या स्टँडवर परभणीची पाटी लावलेल्या गाडीत चढतानाही ते आधी कंडक्टरला विचारतात, मग ड्रायव्हरला, मग आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला. तिघांचं उत्तर जुळलं तरी चेहरा असा, की तिघं मिळून फसवत असावेत. मिक्सर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात मी त्यांच्यासोबत होतो. "साहेब, चालू झालं की," दुकानदार म्हणाला. "एकदा चाललं म्हणून काय झालं? शंभर बार चालवून बघू," दाजी म्हणाले. तिसाव्या वेळी दुकानदारानं मिक्सर त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि डबा उघडला. "तुमीच चालवा. मला भूक लागून राहिली." दाजींनी उरलेल्या सत्तर वेळा बटण दाबलं. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो. त्यांच्यासोबत कुठंही गेलं की माणूस असाच पायरीवर बसून दमतो.

गंमत म्हणजे त्यांचं पोट याच स्वभावावर चाललं होतं. हैदराबादेत एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. पाठीच्या मणक्यानं दगा दिल्यावर वसमतला परतले आणि वरच्या खोलीत बसून तेच काम करू लागले. ते काम काय, हे मला एकदा कुरुंद्यात कळलं. मी तिथल्या शाळेत शिकवतो. दाजी भेटायला आले होते आणि शेजारच्या रानात बायांचं हळद काढणं चाललं होतं. "तो मुकादम बघ," दाजी म्हणाले. "समज, त्यानं हाक मारली, सगळ्या जागच्या जागी थांबा. सगळ्या थांबल्या की तो कोणाचं काय काम चाललंय ते बघणार. आता हाक जायच्या टायमालाच एक बाई काम आटपून घरी गेली तर? तिचं जाणं याला कळलंच न्हाई, तर हा तसाच उभा. ती थांबायची वाट बघून राहिला." चालत्या प्रोग्रामला मध्येच थांबवून त्यातली चूक शोधणारा जो प्रोग्राम असतो, त्याला डीबगर म्हणतात, तो म्हणजे हा मुकादम. आणि एकाच प्रोग्रामात एकाच वेळी आपापलं काम करणारे जे धागे असतात, थ्रेड म्हणतात त्यांना, ते म्हणजे या बाया. दाजींनी मुद्दाम असा एक प्रोग्राम लिहिला होता, की त्यात शेकडो थ्रेड जन्मतात आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात. डीबगरला त्यांच्यावर सोडायचं आणि तो कुठं चुकतो का ते बघत बसायचं, ही त्यांची टेस्ट. पुन्हा सोडायचं, पुन्हा बघायचं. दिवसभर, वर्षभर.

दोन वर्षांपूर्वी ती टेस्ट अडकू लागली. रोज नाही, पंधरा-वीस दिवसांतून कधीतरी एकदा डीबगर थिजल्यासारखा थांबायचा. वरचे साहेब फोनवर म्हणाले, "वो टेस्ट ही हटा दो ना. कभी-कभार होता है, कौन देखता है?" दाजी म्हणाले, "सर, कभी-कभार होता है, मतलब होता है." आणि हटवली नाही.

अडकलेल्या अवस्थेतच आत डोकावलं तर कारण सापडणार होतं, आणि तेवढंच जमत नव्हतं. पहिल्यांदा अडकली तेव्हा लाइट गेली. लॅपटॉपच्या बॅटरीनं तर केव्हाच मान टाकली होती. दुसऱ्यांदा मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं. तिसऱ्यांदा दाजी खुर्चीतच झोपले होते. आक्कानं मायेनं त्यांच्या अंगावर चादर टाकली आणि लॅपटॉप मिटला, तशी अडकलेली टेस्टही गेली. दाजी तिच्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. नुसते भिंतीकडं पाहत बसले. आक्का मला म्हणाली, "माणूस हाय का चौकीदार? जेवताना डोळे त्या डबड्यात. मी समोर बसलेली असते रे. आता मला बी थकवा आला." तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

त्यानंतर डोंगरकड्याला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. दाजी लॅपटॉप घेऊनच आले. गावात लाइट नव्हती, म्हणून त्यांनी मंडपाच्या जनरेटरवर वायर जोडली आणि आचाऱ्याच्या मागं, कांद्याच्या पोत्यावर बैठक मारली. मंडपात वंदना झाली. वधूवर प्रतिज्ञा घ्यायला उभे राहिले, सगळीकडं शांत झालं, आणि पोत्यावरून आरोळी आली, "अडकलं! अडकलं!" लाडू कोणाच्या तरी घशात अडकला असं समजून माझ्या मावशीनं शेजारच्या म्हाताऱ्याच्या पाठीत दणके घातले, तो बिचारा नुसतं पान चघळत होता. दोघंजण पाणी घेऊन धावले. दाजी पोत्यावर हात पसरून बसले होते. "कोणी हात लावू नका!"

लग्न लागलं, पंगती बसल्या, आणि जनरेटरवाला आपला जनरेटर बंद करून न्यायला आला. त्याला कुरुंद्याच्या लग्नात जायचं होतं. दाजींनी वर पाहिलं आणि वायर दोन्ही हातांनी धरून ठेवली. तेवढ्यात हातातली वाढायची बादली खाली ठेवून आक्का जनरेटरसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता हीच बटण दाबते.

"भाऊ, याला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

"ताई, तिकडं नवरदेव निघाला असंल!"

"निघू दे. नवरदेव कधी बराबर टायमावर पोचलाय? एक घंटा थांब. आमच्या घरात याच्यापायी तीन महिने कोणी धड जेवलं न्हाई."

तो कपाळावर हात मारून डिझेलच्या कॅनवर बसला. आक्का तशीच उभी. भरजरी साडीत, धुरात, डोळ्यांतून पाणी वाहत असलेली. मी खुर्ची आणून दिली तर म्हणाली, "बसले तर मला उठवणार न्हाई."

तासाभरानं दाजींनी मान वर केली. आनंद वगैरे काही दिसला नाही. उन्हातून मैलभर चालत आल्यासारखं तोंड झालं होतं. "सापडलं," ते आक्काला म्हणाले. "तो थ्रेड आधीच गेला होता. जातो म्हणून सांगून गेला होता. या डीबगरनं ऐकलं, बाजूला ठेवलं, अन् दुसऱ्या कामात विसरला. मग त्याचीच वाट बघत बसला."

आक्कानं पदरानं डोळे पुसले. "असं होतं," ती म्हणाली. "चला, दोन घास खाऊन घ्या." ते उठले. वायर कोणी काढली, ते त्यांनी पाहिलंही नाही.

दुरुस्ती पाच-सहा ओळींची निघाली. पुढं दोन महिने टेस्ट अखंड चालली, एकदाही अडकली नाही. साहेबांनी 'ठीक है' एवढंच कळवलं. वर्षभरात कंपनीनं ते कामच दुसरीकडं हलवलं आणि दाजींची नोकरी गेली. कुरियरवाला आला आणि लॅपटॉप घेऊन गेला. आता ते एका कॉलेजात तासिकेवर शिकवतात.

परवा दुपारी वसमतला त्यांच्याकडं गेलो होतो. दाजी ओसरीत पाय सोडून बसले होते, केस पुरते पांढरे झालेले. मी म्हणालो, "दाजी, एवढं केलं, कोणाला कळलं बी न्हाई."

"काहून कळावं?" ते म्हणाले. "कुठंतरी कोणी माणूस तो डीबगर वापरत असंल. त्याचं काम अडकलं न्हाई, तो टायमावर घरी गेला. माणूस घरी आल्यावर विचारतो का, की आज मला उशीर काहून झाला न्हाई?"

आक्का आतून आली, त्यांच्या पायाखाली स्टूल सरकवला आणि शेजारीच टेकली. समोरच्या अंगणात कोणीतरी शिजवलेली हळद वाळत घातली होती, तिचा वास येत होता. माझ्या कुरुंद्याच्या गाडीची वेळ झाली होती. पण त्या दोघांजवळून उठवेना.