अक्का आणि s वरची टोपी

अक्काला अग्नी मी दिला. तिचा मुलगा व्हिडिओ कॉलवर होता.

मध्येच नेटवर्क गेलं. परत आलं तोवर चिता पेटलेली होती.

आज वर्ष झालं.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही मूळचे शिरपूरकडचे. ती लग्न होऊन जळगावला गेली, टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली, पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं घर बांधलं. दाजी लवकर गेले. योगेशला तिनं एकटीनं शिकवलं.

योगेश नोकरीला युरोपात गेला. चेक देशात. लग्न तिथंच केलं, मुलगी झाली.

Eliška. एलिश्का.

पोरगी तान्ही असताना ते एकदा जळगावला आले होते. नातीला अक्कानं मांडीवर घेतलं ते तेवढंच.

मग योगेशचा घटस्फोट झाला. पोरगी आईकडे राहिली. योगेश कॅनडाला निघून गेला. व्हिडिओ कॉल बंद झाले. अक्काकडे उरला तो फक्त सुनेचा ईमेल आयडी.

"आई, सोड आता," योगेश म्हणायचा. "तिला मराठी येत नाही, तुला चेक येत नाही. बोलणार काय?"

अक्का सोडणाऱ्यातली नव्हती.

योगेशचा कॉलेजचा लॅपटॉप कपाटात पडून होता. चालू करून चहा ठेवला तर चहा आधी व्हायचा. मी धुळ्याला पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी केलेला माणूस. एका रविवारी एसटीनं गेलो आणि त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टीम टाकून दिली. पळायला लागला. बॅटरी मात्र मेलेली. लाईट गेली की लॅपटॉप बंद.

पुढच्या रविवारी तिचा फोन.

"भाऊ, या एस वर टोपी कशी घालानी रे?"

"कसली टोपी?"

"पोरच्या नावात शे ना. एस वर उलटी टोपी."

"अक्का, साधं s लिही. कळतं त्यांना."

"तिचं नाव ते नही शे."

मग मी तिला कंपोज की लावून दिली, म्हणजे एकामागून एक कळा दाबून टोपीवालं अक्षर काढायची सोय. फोनवरूनच. सेटिंगमध्ये कुठं जायचं, कशावर टिक करायची, अर्धा दिवस गेला.

"आता उजवीकडचं ऑल्ट दाब आणि सोड. मग c. मग s."

तिकडून एकेक कळ दाबल्याची टकटक.

"अक्का?"

"आली," ती म्हणाली. "टोपी आली."

ट्रान्सलेटरमधून वाक्यं आयती कॉपी करता येतात, हे मी तिला सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही. "ते मशीननं लिखेल. मी स्वतः लिखसू." ट्रान्सलेटरमध्ये बघायची आणि एकेक अक्षर शोधत टाइप करायची. तीन ओळींच्या मेलला अख्खी दुपार.

पहिल्या मेलमध्ये तिनं लिहिलं होतं, Mam te rada. माझी तुझ्यावर माया आहे, असं तिला म्हणायचं होतं. नंतर तिला कळलं की a वरची रेघ राहिली की rada म्हणजे सल्ला होतो.

फोन आला. आवाज रडवेला.

"भाऊ, माले पोरले सल्ला देवाना नही शे."

ऑल्ट, मग सिंगल कोट, मग a. ती रेघही शिकली. Mám tě ráda.

दर रविवारी मेल. उत्तर नाही. महिने गेले. मी विचारायचंच बंद केलं.

आणि एक दिवस सुनेच्या आयडीवरून पोरीचं उत्तर आलं. दोनच शब्द. Kdo jsi?

तू कोण?

मला फार वाईट वाटलं. अक्कानंच फोन करून ते वाचून दाखवलं. तिचा आवाज मात्र फुललेला.

"इचारं ना तिनी! भाऊ, इचारं!"

तिनं लिहिलं, मी तुझी आजी. खाली मराठीत सही केली: आजी. त्यानंतर प्रत्येक मेलखाली तीच सही.

पोरगी कधीतरी लिहायची. कधी बर्फाचा फोटो, कधी कुत्र्याचा. मधले कितीतरी रविवार कोरे. त्या रविवारी अक्का मला फोन करायची आणि भाजी कोणती केली ते सांगत बसायची. मीही एकटाच. मी काय केलं ते सांगायचो.

एका दुपारी शेजारच्या वहिनी ताक द्यायला गेल्या तर अक्का खुर्चीतच गेलेली होती. हार्ट अटॅक.

तेरावं झालं. योगेश कॅनडाहून येऊन परत गेला. घर आवरायला मी थांबलो. पोरीला कोणी कळवलं का विचारलं, तर योगेश म्हणाला होता, "मामा, तुम्हीच बघा."

लॅपटॉप उघडला. 'आजी वारली' एवढंच लिहायचं होतं. कॉपी करता आलं असतं. हात धजला नाही. त्या शब्दांमध्ये c ला टोपी, r ला टोपी. पुन्हा पुन्हा चुकलो. अक्काला मी फोनवर भराभर सांगायचो ते किती अवघड होतं, तेव्हा समजलं.

काही दिवसांनी पोरीचं उत्तर आलं.

"आजीचं नाव काय होतं?"

मेलचा अकाउंट योगेशचा जुना. सही कायम 'आजी'. तिला नाव कळणार तरी कुठून?

मी लिहिलं, Kokila. मग थांबलो. कोकिळातला ळ असा येत नाही.

ऑल्ट, उद्गारचिन्ह, l. खाली टिंब आलं. ऑल्ट, आडवी रेघ, a.

Kokiḷā.

दुसऱ्या दिवशी तिचा मेल आला. त्यात फक्त नाव होतं. Kokiḷā. टिंबासकट, रेघेसकट.

त्यानंतर तिनं काही लिहिलेलं नाही. मीही लिहिलं नाही. आमचं दोघांचं काय नातं ते सांगायला मला चेक शब्द सापडत नाही.

रविवार आता फार लांबतो. आज मुगाची खिचडी केली. सांगायला कोणी नाही, म्हणून इथं लिहिलं.

अक्का, तुनी भलती याद येस वं.

तुझ्या भावाचा नमस्कार.