मोर्चातल्या बायांची यादी

महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. आम्ही बुलढाण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. रेशनच्या लाल ज्वारीला असा कुबट वास यायचा, की भाकरी तव्यावर पडली की दारातलं मांजरही उठून जाई. माझी मुलगी चार दिवस ती भाकरी खाऊन ओकत होती. तिच्या तोंडाकडे बघून माझं डोकं भडकलं होतं, आणि मी मुळातच तापट.

गल्लीतल्या बायांनी त्याच भाकऱ्या पदरात बांधून कचेरीवर मोर्चा न्यायचं ठरवलं. शेजारची माळीणकाकू मला म्हणाली, "तुह्या घरी सरकारचा पगार येते. तू काऊन येशील व?"

तिचं खरं होतं. माझे यजमान त्याच कचेरीत कारकून होते आणि नोकरी अजून कायम झाली नव्हती. सकाळी निघताना ते म्हणाले होते, "तू जाऊ नको. नाव लागलं तर घरी बसावं लागेल मले." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तरी काकूच्या मागं निघाले.

चौकापर्यंत मी घोषणा देत होते. कचेरीच्या फाटकात पोलीस दिसले आणि माझी पाचावर धारण बसली. घरी पळावंसं वाटलं, पण मागच्या बाया पुढं रेटत होत्या. आम्ही आत गेलो तसं फाटक बंद झालं.

साहेब बाहेर आले. "प्रत्येकीचं नाव लिहा, नवऱ्याच्या नावासकट," म्हणाले. यादी लिहायला त्यांनी ज्यांना बोलावलं, ते माझे यजमान.

मला पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब त्यांच्या पाठीशीच उभे. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. कोणी विचारलं तर शेजारची सांगायची. एकेक बाई पुढं सरकत होती आणि माझा नंबर जवळ येत होता. आपल्या हातानं आपलं घर बुडवलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"नाव?" त्यांनी मला परक्यासारखं विचारलं. मी माझं सांगितलं. "मालकाचं?"

मी काकूकडं पाहिलं. काकू चटकन पुढं झाली. "हे माही धाकटी जाऊ व्हय, साहेब," म्हणाली, आणि गाव सोडून गेलेल्या तिच्या दिराचं नाव तिनं ठणकावून सांगितलं.

वाचलो, असं मला वाटलं. लिहा, लिहून टाका, मी मनात ओरडत होते. त्यांचा टाक मात्र कागदावर थांबलेला.

"काय झालं?" साहेब खेकसले.

"ही बायको माझी आहे, साहेब," ते म्हणाले. मग खाली मान घालून त्यांनी माझ्या नावापुढं स्वतःचं नाव लिहिलं.

साहेबांनी टाक काढून घेतला. "मग जा, उभे राहा त्यांच्यातच."

ते आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. मी भीतीनं अर्धी झाले होते, आणि त्यांच्या हाताला अजून टाकाची ओली शाई होती. सगळ्या गल्लीसमोर मी तो धरला.